हवा मोजणारी तार

प्रतिमा एवढंच म्हणाली होती, "तुमचा पाय सुटला का हो?" आणि तेही हळू आवाजात, पर्समधला रुमाल शोधता शोधता. नांदुऱ्याच्या बाजार समितीसमोरच्या वळणावर गाडी बंद पडली होती. पुढं कापसानं पोट फुगलेला टेम्पो, मागं ट्रॅक्टर, आणि मधे नीळकंठरावांची आठ वर्षांची पांढरी गाडी, एकाएकी मुकी झालेली. त्यांनी किल्ली फिरवली, गाडी निमूट चालू झाली, ते पुढं निघाले. सगळं मिळून दहा-बारा सेकंदांचं प्रकरण. पण तो प्रश्न त्यांच्याबरोबर घरी आला, पाटावर बसला, दुपारी त्यांच्या शेजारी आडवा झाला. प्रश्नात राग नव्हता. प्रतिमा रागावली की तिचा आवाज वर जात नाही, तिचे शब्द तुटक होतात, हे सेहेचाळीस वर्षांत त्यांना पाठ झालं होतं. काळजीही नव्हती, काळजीत ती आधी हाताला धरते. त्या आवाजात तिसरंच काहीतरी होतं आणि ते त्यांना लावता येत नव्हतं. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तेहेतीस वर्षं काढलेल्या माणसाला लावता न येणारी गोष्ट फार छळते. पाठीवर क्रमांक नसलेलं एखादं पुस्तक टेबलावर पडून राहावं आणि कुठल्याच कपाटात त्याची जागा सापडू नये, तसं ते वाक्य तीन आठवडे त्यांच्या डोक्यात पडून होतं.

पाय सुटला होता का? त्यांना खात्री देता येत नव्हती. खरं तर कुठल्याच गोष्टीची खात्री देणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. कुणी ग्रंथालयात येऊन अमुक पुस्तक आहे का विचारलं, तर ते हातात असतानाही ते म्हणत, "असावं." त्या वळणावर आपला डावा पाय क्लचवर होता, उजवा ब्रेकवरून ॲक्सिलरेटरकडे निघाला होता, असं त्यांना आठवत होतं. पण आठवतंय ते घडलेलं आहे की नंतर आपल्या सोयीनं रचलेलं? रात्री अंथरुणात ते पायाची बोटं हलवून पाहत. डाव्या पायाच्या करंगळीला मुंग्या येतात की नुसता भास होतो, हेही ठरत नसे. आणि मग हमखास वडील येत. वडील मोताळा तालुक्यात शाळामास्तर होते. एकाहत्तराव्या वर्षी एकदा रोहिणखेडच्या जुन्या मशिदीसमोर ते सायकल धरून उभे राहिले. शोधत आलेल्या नीळकंठाकडे त्यांनी पाहिलं, सायकलचा ब्रेक घट्ट दाबून धरला आणि अदबीनं विचारलं, "साहेब, इथून मास्तरांचं घर कुणीकडं पडेल हो?" त्यातला 'साहेब' त्यांना सहन झाला होता. पण 'हो' नाही. बापानं पोटच्या पोराला अहोजाहो करावं, इतक्या सौजन्यानं माणूस हरवतो, हे त्यांना तोवर माहीत नव्हतं. आता ते स्वतः त्र्याहत्तरचे होते. वडिलांपेक्षा दोन वर्षं जास्तच.

गाडी त्यानंतर पुन्हा बंद पडली. एकदा रेल्वे स्टेशनच्या उतारावर, एकदा दूध आणायला गेले तेव्हा. दोन्ही वेळा ते एकटे होते, दोन्ही वेळा वेग कमी करून वळत होते, आणि दोन्ही वेळा चढावर तिला आधी धाप लागल्यासारखी झाली होती, असं त्यांना वाटलं. वाटलं, एवढंच. शहरातल्या मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी दोन दिवस ठेवली. तिथल्या स्वच्छ कपड्यांतल्या तरुणानं सांगितलं, मशीनवर पेट्रोल-हवेचं प्रमाण बिघडल्याची खूण येते, पण बाकी काही सापडत नाही, प्लग बदललेत. मग आवाज मऊ करून तो म्हणाला, "अंकल, वयाप्रमाणं क्लचचा अंदाज थोडा जातो कधीकधी." नीळकंठरावांनी त्याचे आभार मानले. आपल्याला मिळायची तीच गोष्ट मिळाली, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्याच संध्याकाळी गाडी पुन्हा त्याच वळणावर बंद पडली.

पुण्याहून सोहमचा फोन आला. मुलगा चांगला होता, म्हणूनच त्याचं बोलणं अवघड जाई. "बाबा, गाडीत काही नाही म्हणतात, तर मग…" असं म्हणून त्यानं वाक्य अर्धं सोडलं. ते अर्धं सोडणं ऐकून नीळकंठरावांना त्याचं लहानपण आठवलं. पेन्सिल हरवली की तोही असाच 'मग' वर थांबायचा. रविवारी तो येणार होता, खामगावचं एक गिऱ्हाईक घेऊन. गाडी दाखवायची, पसंत पडली तर तिथंच किल्ली द्यायची. नीळकंठरावांनी हो म्हटलं. मनात त्यांनी एक गोष्ट ठरवली आणि ती कुणालाच सांगितली नाही. आणखी एका माणसाला गाडी दाखवायची. त्यालाही काही सापडलं नाही, तर आपण होऊन किल्ली पुढं करायची, वाद घालायचा नाही. त्यासाठीचं वाक्यही त्यांनी तयार केलं होतं: "घे बाबा, मला आता नको." ते वाक्य बरं वाटायचं, पण त्यापुढचं दिसायचं तेव्हा बरं वाटत नसे. आधी किल्ली जाईल, मग बँकेचं पासबुक दुसऱ्याच्या हाती जाईल, मग एक दिवस एकट्यानं बाहेर पडू नका असं सांगतील, आणि मग कधीतरी ते सोहमला विचारतील, घर कुणीकडं पडेल हो.

शुक्रवारी सकाळी प्रतिमा शिलाई मशीनवर बसली होती. नातीसाठी परकर-पोलकं चाललं होतं. मशीन गेले काही आठवडे कुरकुरत होतं. पायाखालची पाटी हलली की एक बारीक, दुखरी किरकिर घरभर फिरायची. "जाऊन येतो," असं ते म्हणाले. तिनं मान हलवली, कुठं ते विचारलं नाही. अलीकडं ती फारसं काही विचारत नसे.

गाड्या दुरुस्त करणाऱ्या कडूबाचं नाव त्यांनी बँकेच्या रांगेत ऐकलं होतं. रेल्वेलाईनच्या अंगाला, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या मागच्या भिंतीला टेकून त्याचं पत्र्याचं शेड होतं. भिंतीपलीकडं रुईचा पांढरा भुगा हवेत तरंगत असायचा आणि शेडच्या कडेवर, तारांवर, बाभळीच्या काट्यांवर बसायचा. कडूबा साठीच्या आतबाहेरचा, बुटका, दोरीनं गळ्यात बांधलेला चष्मा. बावीस वर्षं तो त्याच जिनिंगमध्ये फिटर होता. नीळकंठरावांनी आपल्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे दुसऱ्या माणसाला ऐकू जाईल की नाही अशा बेतानं, गाडीची हकिकत सांगायला सुरुवात केली. कडूबानं कानामागं हात धरला.

"मोठ्यानं बोला, सर. जिनिंगनं कान खाल्ले माहे. हा तर गेलाच, हा अर्धा हाये."

त्यांनी आवाज वाढवला. चढावर दम लागतो, वळणावर बंद पडते, पुन्हा चालू होते. कडूबा ऐकत होता, म्हणजे त्यांच्या ओठांकडं पाहत होता. मग त्यानं विचारलं, तुम्हाला काय वाटतं? हा प्रश्न वर्कशॉपमध्ये कुणी विचारला नव्हता. नीळकंठराव गोंधळले. "कदाचित," ते पुटपुटले, "माझाच दोष असेल." कडूबा म्हणाला, आँ? त्यांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा, आँ? शेडला लागून जनकाबाईची चहाची गाडी होती. तिथं बसलेले दोन हमाल इकडं बघायला लागले. आणि मग, तीन आठवडे जे बायकोला सांगता आलं नाही, मुलाला नाही, अंथरुणात स्वतःलाही धड नाही, ते नीळकंठरावांना भर रस्त्यात ओरडून सांगावं लागलं. ओरडताना पुस्तकी भाषा टिकत नाही. कैक वर्षांपूर्वी गावाकडं सोडून आलेली बोली त्यांच्या तोंडून आपसूक बाहेर पडली. "मले वाटते चूक माहीच असन! माह्या पायाची! बापाले विसर पडत होता माह्या!"

जिनिंगचा पट्टा भिंतीपलीकडं धडधडत होता. मग जनकाबाई गाळणी झटकत म्हणाली, "सर, इथं जो येते तो दुसऱ्याची चूक सांगते. ड्रायव्हर मालकाची सांगते, मालक ड्रायव्हरची. सोताची सांगणारे तुम्ही पह्यलेच." हमाल हसले, पण ते हसणं बोचरं नव्हतं. नीळकंठरावांच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. त्याच वेळी छातीत कुठंतरी एक खिळा सैल झाल्याचंही त्यांना जाणवलं, आणि त्याचीही त्यांना लाज वाटली.

कडूबानं बॉनेटला हात लावला नाही. तो शेजारच्या सीटवर येऊन बसला आणि म्हणाला, चालवा. नीळकंठरावांनी आधी आपल्या पायांकडं पाहिलं. "तुमचा पाय नाही पाह्यत मी," कडूबा म्हणाला, "गाडी पाह्यतो." त्यानं डोळे मिटले, उजवा तळवा डॅशबोर्डवर सपाट टेकवला, चपला काढून पाय खालच्या पत्र्यावर ठेवले. कीर्तनात लोक बसतात तसा तो बसला. बाजार समितीच्या वळणावर गाडी थोडी थरथरली आणि बंद पडली. नीळकंठरावांनी त्याच्याकडं पाहिलं. कडूबानं डोळे उघडले नाहीत. फक्त डॅशबोर्डवरचा हात उचलून 'पुन्हा' अशी खूण केली. तीन फेऱ्या झाल्या, दोनदा गाडी बंद पडली. एकदाही त्यानं त्यांच्या पायाकडं पाहिलं नाही. ते न पाहणं किती अवघड असतं, हे नीळकंठरावांना कळत होतं. त्यांच्या सबंध नोकरीत एकानंही, पुस्तक सापडलं नाही तर, आधी कपाटाकडं पाहिलं नव्हतं. आधी त्यांच्याकडं पाहिलं होतं. आणि त्यांनाही ते रास्तच वाटायचं.

शेडमध्ये परतल्यावर जे झालं ते नीळकंठरावांनी पुढं कितीतरी दिवस मनात पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं. कडूबानं देवळीतून एक उदबत्ती काढली, पेटवली, चालू इंजिनाच्या रबरी नळ्यांच्या सांध्यांजवळून ती हळूहळू फिरवत नेली. नळीला कुठं चीर असेल, तर इंजिन तिथून चोरून हवा ओढतं आणि धूर आत खेचला जातो, असं त्यानं सांगितलं. धूर सरळ वर जात राहिला. प्रत्येक सांध्याशी तो थांबायचा, धुराकडं एकटक पाहायचा, मग मान हलवून पुढच्या सांध्याकडं जायचा. घाई नाही, अंदाज नाही. सापडलं नाही म्हणून हिरमुसणंही नाही. नाही हेही एक उत्तरच, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. मोगऱ्याचा वास आणि पेट्रोलचा वास एकमेकांत मिसळले. मग त्यानं स्टेअरिंगखाली, इंजिनाचे आकडे मोबाइलवर पाठवणारी एक डबी खोचली आणि आपला तडकलेल्या काचेचा मोबाइल नीळकंठरावांच्या हाती दिला. चष्मा धुरकट झालाय, वाचा सर, म्हणाला. त्यांनी खणखणीत वाचून दाखवलं, कारण खणखणीत वाचल्याशिवाय चालणार नव्हतं. इंजिनाचा वेग. पाण्याची गरमी. आत जाणारी हवा: सेकंदाला एक पूर्णांक एक ग्रॅम. "पुन्हा," कडूबा म्हणाला. एक पूर्णांक एक. त्यानं तळवा इंजिनाच्या झाकणावर ठेवला आणि मान तिरकी केली. या इंजिनाला इतक्या हवेवर जगताच येत नाही, निदान दुप्पट तरी ते ओढतंय, माझ्या हाताला कळतंय, असं तो म्हणाला. म्हणजे हवा पुरेशी जाते. मोजणारा कमी सांगतो. हवा कमी असं कळलं की पेट्रोलही कमी सुटतं, आणि गाडी उपाशी पडते.

त्यानं इंजिन बंद केलं, हवेच्या नळीवर बसवलेल्या, हवा मोजणाऱ्या छोट्या काळ्या डबीची वायर उपसून मोकळी केली आणि म्हणाला, चला. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला होता. एक भाग काढून टाकलेली गाडी जास्तच बिघडेल, असं नीळकंठरावांना वाटत होतं. पण वळणावर ती बंद पडली नाही. पुन्हा नेली, नाही. तिसऱ्यांदा मुद्दाम अगदी सावकाश वळवली, तरी नाही. खोटं सांगणाऱ्याचं तोंड बंद केलं, आता गाडी अंदाजानं चालतेय, कडूबा म्हणाला. अंदाज खोट्यापेक्षा बरा. त्यावर नीळकंठरावांच्या मनात स्वतःविषयी एक तुलना उगवली, आयुष्यभर कमीच मोजत आलेल्या कुणाची तरी. दुसऱ्याच्या पुस्तकात ती वाचली असती तर त्यांनी पान उलटलं असतं. त्यांनी ती तिथंच सोडली आणि गिअर बदलला. डाव्या पायानं, बरोबर वेळेला.

काळी डबी दोन स्क्रूंनी बसवलेली होती. कडूबानं ती काढून उन्हात धरली. आत केसाहून बारीक तार होती आणि तिला एक मळकट, चिकट लव लागली होती. "ही तार गरम राह्यते," तो म्हणाला. "हवा गेली का थंडी होते. किती थंडी झाली, त्यावरून हवा मोजते. आता तिच्यावर अशी गोधडी पडली, तर तिले थंडी वाजन कशी?" त्यानं एका डब्यातून फवारा मारला, बोट न लावता, दूर धरून, बाळाच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तसा. लव सुटून आली. त्यानं ती चिंधीवर घेतली, दोन बोटांत चोळली, नाकाशी नेली. रुईचा भुगा तर होताच, तो नांदुऱ्यात सगळ्यांच्या फुप्फुसातही असतो. पण नुसता भुगा तारेला चिकटत नाही, तो म्हणाला. त्याला तेल लागतं. त्यानं हवेच्या फिल्टरची पेटी उघडली, कागदी घड्यांवरून बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच सरळ नीळकंठरावांकडं पाहिलं.

"इथं तेल कोणं टाकलं, सर?"

आणि नीळकंठरावांना सगळं आठवलं. पुसट, असावं-नसावं असं नाही, सगळंच्या सगळं. दिवाळीनंतरचा सोमवार. पुढच्या अंगणातली सिमेंटची पायरी. खाली अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद, त्यावर धान्य बाजाराचे भाव. त्यांच्या तरुणपणच्या स्कूटरचा फिल्टर स्पंजाचा असायचा; तो पेट्रोलमध्ये धुवायचा, पिळायचा आणि मग त्यावर तेलाचे थेंब सोडायचे, म्हणजे धूळ तेलाला धरून राहते. हे त्यांना दर पावसाळ्यानंतर करायची सवय होती, आणि ते करताना आपल्यालाही काहीतरी येतं असं वाटायचं. यंदा पहिल्यांदाच गाडीच्या कागदी फिल्टरलाही त्यांनी तसंच प्रेमानं केलं होतं. तेल म्हणून प्रतिमाच्या शिलाई मशीनची छोटी बाटली घेतली होती. किती थेंब? त्यांनी मोजले होते. बावीस. मग हाताला लागलेलं पुसायला हळदीचा डाग पडलेलं पिवळं फडकं, आणि त्या फडक्यात गुंडाळून बाटली… "डिकीत," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांना ओरडावंही लागलं नाही, कडूबाला ऐकू गेलं. "जॅकच्या उजव्या बाजूला. पिवळ्या फडक्यात."

कडूबानं डिकी उघडली. जॅकच्या उजव्या बाजूला पिवळं फडकं होतं, आणि त्यात बाटली होती.

नीळकंठराव शेडच्या खांबाला धरून उभे राहिले. चूक त्यांचीच होती. तीन आठवडे ज्याची भीती होती तेच निघालं होतं, आणि तरी आता त्यांना भीती वाटत नव्हती. चूक त्यांची होती, पण ती त्यांना थेंबांच्या संख्येसकट आठवत होती. कडूबानं बाटली त्यांच्या हातात दिली. पाय बरोबर आहे तुमचा, डोकंही, तो म्हणाला. हात तेवढा जुन्या गाडीचा राहिला. आपण स्वतः पहिल्यांदा कागदी फिल्टर पाहिला तेव्हा रॉकेलमध्ये धुतला होता, हेही त्यानं सांगितलं, जनकाबाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. ती म्हणाली, मले माहीत हाये, त्या मोटारीचा मालक माह्या चहाच्या गाडीवरच बसून रडला होता. सगळे हसले. नीळकंठरावही हसले, पण त्यांचं लक्ष कडूबाच्या बोटांकडं होतं. काळी, फाटक्या नखांची, डाव्या अंगठ्याचं पेर जिनिंगमध्ये गमावलेली ती बोटं आता दोन बारीक स्क्रू इतक्या हलक्या हातानं फिरवत होती की आवाज यायचा प्रश्नच नव्हता. हा माणूस ऐकू शकत नव्हता म्हणून सगळं विचारत होता: धुराला, आकड्याला, तारेला, आणि शेवटी माणसाला. आपण तेहेतीस वर्षं शांततेत बसलो, नीळकंठरावांना वाटलं, आणि इतकं ऐकणं आपल्याला कधी जमलं नाही.

परतताना गाडी वळणावरून मऊ वळली. नवा फिल्टर, धुतलेली तार. शेजारच्या रिकाम्या सीटवर तेलाची बाटली होती, आणि तिच्याकडं एकदा नजर गेल्यावर त्यांना तो आवाज आठवला. मशीनची किरकिर. दिवाळीपासूनची. प्रतिमाचं मशीन कधी कुरकुरत नसे. महिन्यातून एकदा ती त्याला तेल घाली, देवाला घालावं तसं. मग एवढे दिवस तिनं तेल का घातलं नाही? बाटली नव्हती म्हणून. मग विचारलं का नाही? त्यांना ती दिसू लागली. कपाटाचा तोच खण तिसऱ्यांदा उघडणारी, फळीवरचे डबे हलवून पाहणारी, आणि ते खोलीत आले की खण हळूच लोटून घेणारी. ती वस्तू जिथल्या तिथं ठेवते, या गोष्टीचा तिला केवढा अभिमान. त्यांनी गाडीचा वेग कमी केला. कमी केला तरी गाडी बंद पडली नाही. "तुमचा पाय सुटला का हो?" त्या आवाजात काय होतं, ते आता त्यांना लावता आलं. दोष नव्हता त्यात. अंधारात चाललेलं माणूस शेजारी कुणी आहे का म्हणून हात पुढं करतं, तेवढंच होतं. आणि त्यांनी तो हात तीन आठवडे स्वतःकडं रोखलेलं बोट समजून चुकवला होता.

घरी प्रतिमा खिडकीपाशी बसून हातानंच टीप घालत होती. मशीनवर झाकण होतं. त्यांनी बाटली त्या झाकणावर ठेवली. पिवळ्या फडक्यासकट.

ती पाहत राहिली. सुई कापडात तशीच अडकलेली. ते म्हणाले, "मी नेली होती. दिवाळीनंतर. गाडीला. गाडी त्यानंच बिघडली." त्यांना वाटलं अजून काहीतरी बोलावं, नीट, मुद्देसूद; पण जे सुचत होतं ते सगळं पुस्तकी होतं, आणि ओरडायला इथं कडूबा नव्हता.

"तुम्ही नेली होती," ती म्हणाली. तिनं बाटली उचलली, उलटी करून तळाशी राहिलेलं तेल पाहिलं. मग पदर डोळ्यांना लावला, पटकन, घाम पुसावा तसा. "मी देवघरातसुद्धा पाहिलं हो. पिठाच्या डब्यात पाहिलं. मला वाटलं माझंच आता…" आणि तिनंही वाक्य अर्धंच सोडलं.

ते तिच्या शेजारी बसले. मग तिनं झाकण काढलं, मशीनच्या प्रत्येक छिद्रात एकेक थेंब सोडला, पाटीवर पाय ठेवला. चाक फिरलं. किरकिर दोनदा आली, तिसऱ्यांदा बारीक झाली, आणि मग नुसती सुईची टकटक राहिली. तिनं पाय थांबवला नाही. शिवता शिवताच म्हणाली, "सोहमला फोन लावा. त्या खामगाववाल्याला आणू नको म्हणावं." थोडं थांबून म्हणाली, "काय म्हणाल त्याला?"

नीळकंठरावांनी फोन हातात घेतला. तयार करून ठेवलेलं वाक्य त्यांना आठवत होतं, शब्दन् शब्द. ते त्यांनी बाजूला ठेवलं.

"सांगतो," ते म्हणाले, "की गाडी मी ठेवतोय." असावं असं ते म्हणाले नाहीत.